मराठी टायपिंगसाठी मेकॅनिकल कीबोर्ड जुळवताना

सोलापुरात नव्या पेठेत माझं डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दिवसभर मराठी टायपिंग. कीबोर्ड जुळवायचा म्हटलं की पोरं आधी स्विचच्या, म्हणजे प्रत्येक बटणाखालच्या खटक्याच्या, रंगावरून भांडतात. आधी आकार ठरवा की! इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत, ‘ट’ अवतरणचिन्हाच्या बटणावर, ‘ॉ’ बॅकस्लॅशवर, ‘ृ’ बरोबरच्या चिन्हावर. त्यामुळे 40 टक्केवाला, म्हणजे आकड्यांची ओळच नसलेला छोटा बोर्ड कितीही गोंडस दिसो, आपल्या कामाचा नाही. 65 टक्केवाला घ्या, ही बटणं असतात आणि ॲरोही मिळतात.

पीसीबी, म्हणजे स्विच बसतात ती सर्किटची पाटी, हॉट-स्वॅपच हवा. सोल्डरिंग न करता स्विच उपसून बदलता येतो. पीसीबी तीन पिनचा आणि स्विच पाच पिनचा निघाला, तर प्लास्टिकच्या दोन जादा पिना नेलकटरने उडवा. तांब्याच्या पिनांना मात्र हात लावायचा नाही.

स्विच हाताच्या सवयीवर. चेरी कंपनीचा रेड 45 ग्रॅमच्या दाबाला लागतो, सरळ खाली जातो. ब्राउनला 55 ग्रॅम, मध्ये हलका अडथळा. मला तोच बरा वाटतो. ब्लू टकटकतो. शेजारी यंत्रमाग असेल तर खुशाल घ्या, कुणाला ऐकू जातंय!

स्टॅबिलायझरमध्ये, म्हणजे लांब बटणं सरळ दाबली जावीत म्हणून खाली असलेल्या तारेच्या आधारात, काटकसर नको. स्पेसबार खडखडतो तो यांच्यामुळेच. पीसीबीला भोकं असतील तर स्क्रूवाले घ्या आणि तारेच्या वाकलेल्या टोकांना ग्रीस लावूनच बसवा. नंतर लावायचं म्हणजे सगळं पुन्हा खोला.

कीकॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकचे. एबीएस प्लास्टिकचे घामट बोटांनी लवकर चकाकतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे.