पहिली दुर्बीण घेताना या चुका टाळा

खोक्यावर छापलेला ‘५२५ पट’ हा वर्धनाचा, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते त्याचा, आकडा पाहून दुर्बीण विकत घेणे ही नवशिक्यांची सर्वांत चिवट चूक आहे. अशा दुर्बिणीच्या ७०० मिलिमीटर नाभीय अंतराला (मुख्य भिंगापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचे अंतर) ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या नाभीय अंतराने, भागले की १७५ येतात, आणि त्यात तीन पटींचे बार्लो भिंग (नेत्रिकेआधी लावायचे, वर्धन वाढवणारे भिंग) घातले की ५२५ होतात. गणित बरोबर आहे, परंतु ६० मिलिमीटर व्यासाच्या वस्तुभिंगाला, म्हणजे पुढच्या मुख्य भिंगाला, एवढे वर्धन पेलत नाही. व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, ही उत्तम हवेतली मर्यादा समजावी. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तपशील वाढत नाही.

वांगणीच्या एका आकाशदर्शनात एक गृहस्थ अशीच नवीकोरी दुर्बीण आणि आपली मुलगी यांना घेऊन आले होते. बार्लो आणि सर्वांत बारीक नेत्रिका एकत्र लावलेली, तिपाई नुसत्या स्पर्शाने थरथरणारी, आणि महत्प्रयासाने सापडलेला शनी अर्ध्या मिनिटाच्या आत दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जाणारा. त्यामुळे दुर्बीण सदोष आहे, असा निकाल त्यांनी देऊन टाकला होता. मी बार्लो काढून २० मिलिमीटरची नेत्रिका लावली. अवघ्या ३५ पटींत इवलासा, पण कड्यासह शनी दिसला. ‘‘काका, एवढाच?’’ असे मुलीने विचारले, आणि त्यावर ‘‘हो, एवढाच’’ हेच प्रामाणिक उत्तर होते. मृगातला तेजोमेघही डोळ्यांना करडाच दिसतो. छायाचित्रातले रंग दीर्घ उद्भासनाचे, म्हणजे कॅमेऱ्याने बराच वेळ साठवलेल्या प्रकाशाचे, असतात. हे आधी न सांगणाऱ्या विक्रेत्यांइतकाच पहिल्याच रात्री सगळे पाहू इच्छिणाऱ्या उतावळ्यांचाही मला कंटाळा आला आहे. मी आजही सुरुवात सर्वांत कमी वर्धनाने करतो.

दुसरी चूक म्हणजे ‘व्यावसायिक’ दिसते म्हणून स्वस्तातले विषुववृत्तीय आरोहण, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर एकाच अक्षाभोवती दुर्बीण फिरवता येणारी बैठक, घेणे. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि मुंबई-पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, बहुधा समोरच्या इमारतीमागे असतो. शिवाय अक्ष इतका खाली झुकवला की काही आरोहणांचे प्रतिभार (तोल साधणारी वजने) तिपाईच्या पायाला अडतात. उचलण्याची आणि ठेवण्याची सोय असेल, तर सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, आरशाची दुर्बीण) घ्यावी. नसेल, तर १० गुणिले ५० ची (दहा पट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगे) द्विनेत्री घेऊन कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका ओळखायला शिकावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

फाइंडर, म्हणजे दुर्बिणीवर बसवलेला नेम धरायचा छोटा शोधक, दिवसाच दूरच्या मनोऱ्यावर जुळवून घ्यावा. रात्री अंधारात ते स्क्रू फिरवत बसू नये.

नेत्रिकेला लावायचे काळे ‘सूर्य फिल्टर’ सोबत आले असेल, तर ते फेकून द्यावे. एकवटलेल्या उष्णतेने ते तडकू शकते, आणि त्या क्षणी डोळा नेत्रिकेला लागलेला असतो. सूर्यासाठीचा प्रमाणित फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा असतो.

जूनमध्ये खरेदी करू नये. चार महिने ढगांखाली बंद खोक्यात राहिलेल्या भिंगांवर कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते. दसऱ्यानंतर घेतलेली दुर्बीण निदान त्याच आठवड्यात वापरता येते.