लिव्हर-ॲक्शन रायफल चालवताना हात कसे सांभाळायचे

रायफलीचा धक्का खांद्याला बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून नवीन माणूस रेंजवर येताना खांद्याला पॅड लावून येतो. लिव्हर-ॲक्शनमध्ये, म्हणजे दर गोळीनंतर ट्रिगरपाशची लिव्हर खाली ढकलून परत ओढली की पुढचं काडतूस भरणाऱ्या रायफलीत, सोलून निघतात ती मात्र बोटं. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी, या तिघांची मागची बाजू, मधल्या पेराच्या आसपास. पन्नास-साठ गोळ्या झाडून झाल्या की तिथलं सालटं निघतं, आणि माणूस "सवय होईल" म्हणत तसाच पुढे रेटतो. सवय होत नाही. बोट दुखायला लागलं की हात आपोआप कचरतो, लिव्हर अर्धवट ढकलली जाते, काडतूस अडकतं आणि मग खरी इजा होते.

मी फिनिक्सला राहते, तबला शिकवते आणि शनिवारी काउबॉय ॲक्शन शूटिंगला जाते. सोमवारी मुलं शिकायला येतात तेव्हा मला तबल्याच्या चाटेवर, म्हणजे काठावर, बोट नीट ठेवता आलं पाहिजे. त्यामुळे हातांच्या बाबतीत मी कुणाचंही "एवढं काय त्यात" ऐकून घेत नाही.

हा खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी खेळतात. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीचे कपडे, दोन रिव्हॉल्व्हर, एक शॉटगन आणि एक लिव्हर-ॲक्शन रायफल. राष्ट्रीय पातळीचा सामना, विंटर रेंज, आमच्याच गावात बेन ॲव्हरी रेंजवर भरतो. एका फेरीत रायफलीच्या साधारण दहा गोळ्या, दिवसाला पाच-सहा फेऱ्या. काडतुसं बहुतेकांची .३८ स्पेशलची, हलकी. म्हणजे इथे हाताला त्रास होतो तो धक्क्यामुळे नव्हे, तर लिव्हर पुन्हा पुन्हा मारल्यामुळे. आणि जाता जाता एक गोष्ट: एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावायच्या आधी अमेरिकेचा केंद्रीय कायदा वाचा. अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या मित्राला नको.

आता सालटं का निघतं ते बघू. लिव्हरला बोटं घालायला एक कडी असते. लिव्हर उघडताना तीन बोटांची पाठ कडीच्या पुढच्या बाजूला आतून ढकलते. बंद करताना त्याच बोटांची तळव्याकडची बाजू ती मागे ओढते. कडीत बोटं सैल असतील तर प्रत्येक वेळी ती आधी पुढे आदळतात, मग मागे आदळतात. मोठी गोल कडी दिसायला झकास असते आणि जाड हातमोजे घालणाऱ्या शिकाऱ्याला ती खरोखर उपयोगी पडते, पण उघड्या, बारीक हाताला तीच जास्त मारते. म्हणून रायफल विकत घेताना आधी कडीत हात घालून बघा. बोटांभोवती थोडीच जागा उरली तर उत्तम.

घरी आणल्यावर पहिलं काम कापसाच्या बोळ्याचं. कान साफ करायची कापूस लावलेली काडी घ्या आणि कडीच्या आतल्या कडांवरून सावकाश फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे धार आहे. नव्या रायफलीतही ती निघते. तेवढ्याच जागी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, मग ६००. फक्त कडीची धार मोडायची. लिव्हरचा जो भाग रायफलीच्या आत जातो, जिथे बोल्टला, म्हणजे काडतुसामागे बंद होणाऱ्या तुकड्याला, कुलूप बसतं, तिथे पेपर लावायचा नाही. निघालेल्या काळ्या रंगाच्या जागी तेलाचा पातळ हात द्या, नाहीतर गंज धरेल.

त्यानंतर कडीवर वादी गुंडाळायची. माझ्या मते हातासाठी याच्यापेक्षा चांगला उपाय नाही. पॅराकॉर्ड, म्हणजे नायलॉनची दोरी, हीही चालते, शिकारीच्या रायफलीवर मी ती गुंडाळलेली पाहिली आहे, पण ती जाड असते, कडीतली जागा खाते, आणि आमच्या सामन्यांत नायलॉनचं सामान चालत नाही. हरणाच्या किंवा गाईच्या चामड्याची तीन मिलिमीटर रुंद वादी, अडीच मीटर पुरते.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. लिव्हर उघडून चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपा, नळीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीच्या नळीखालच्या काडतुसं साठवायच्या नळीत, डोकावून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग कडी स्पिरिटने पुसून तेल काढा आणि तिला मेणाच्या पॉलिशचा पातळ थर द्या. हा थर महत्त्वाचा, कारण चामडं ओल धरतं आणि लोखंड त्याच्याखाली गुपचूप गंजतं. वादी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, फडक्यात दाबून पाणी काढून टाका. ओलसर हवी, ठिबकती नको. वादीचं एक टोक कडीच्या लांबीला समांतर ठेवा आणि त्याच्यावरूनच पहिले चार-पाच वेढे घ्या, म्हणजे टोक आपोआप दाबलं जातं. गुळगुळीत बाजू बाहेर. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, आणि प्रत्येक वेढ्याला ताण सारखा. तबल्याला वादी भरलेली असेल तर हाताला हे लगेच कळेल: मध्ये एक वेढा ढिला राहिला तर पुढचे सगळे त्याच्याकडे सरकतात. शेवटचे पाच-सहा वेढे घ्यायच्या आधी बारीक पण मजबूत दोऱ्याचा दुमड कडीवर ठेवा, त्याच्यावरून वेढे घ्या, वादीचं टोक त्या दुमडीत ओवा आणि दोरा खेचा. टोक वेढ्यांखाली जातं. उरलेलं कापून टाका. रात्रभर सावलीत वाळू द्या. वाळताना चामडं आवळतं आणि घट्ट बसतं.

कुठे गुंडाळायचं, याहून महत्त्वाचं आहे कुठे गुंडाळायचं नाही. कडीचा पुढचा भाग आणि खालचं वळण एवढंच पुरे. लिव्हर बंद झाल्यावर जो भाग दस्त्याच्या मानेखालच्या, म्हणजे उजवी मूठ धरते त्या जागेखालच्या, पट्टीला टेकतो तिथे वादी नको. १८७३ च्या आणि १८९४ च्या विंचेस्टरच्या धाटणीच्या बऱ्याच रायफलींत तिथे एक छोटी खुंटी असते; लिव्हर पूर्ण बंद होऊन ती दाबली गेल्याशिवाय ट्रिगर चालत नाही. चामड्याची जाडी मध्ये आली की लिव्हर बंद होण्यातच गडबड होते. ट्रिगरच्या बाजूलाही वादी चढवू नका. काम झाल्यावर रिकाम्या रायफलीची लिव्हर वीस-पंचवीस वेळा सावकाश मारून बघा. वर्षातून एकदा वादी सोडून खालचं लोखंड तपासा.

हातमोजे घालायचे का? थंडीत जरूर. पातळ हरणाच्या चामड्याचे, शिवण बोटाच्या पाठीवर न येणारे. फिनिक्सच्या उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, तेव्हा हातमोज्यात घाम सुटून आतूनच फोड येतात. त्यापेक्षा सुती चिकटपट्टी बरी: पेरांच्या मध्ये लावायची, सांध्यावर नाही, नाहीतर बोट वाकत नाही. उन्हात टेकवून ठेवलेल्या रायफलीची लिव्हर आणि नळी चटका देतात, म्हणून सावलीत ठेवा, आणि झाडून झाल्यावर डावा हात लाकडावरच राहू द्या. इथल्या कोरड्या हवेत बोटांना भेगाही पडतात. त्यावर रात्री झोपताना कोकमाचं तेल, आमच्या मालवणकडे ज्याला मुठेल म्हणतात ते. सकाळी नको, हात निसटता राहतो.

आता हाताची चाल. दस्ता खांद्यात पक्का, डाव्या हाताने रायफल खांद्याकडे ओढून धरलेली. लिव्हर पुढे-खाली एका दमात, शेवटपर्यंत, आणि तशीच परत. ताकद लागत नाही, पूर्णपणा लागतो. उजवा अंगठा मानेवरून पलीकडे गुंडाळण्यापेक्षा उजव्याच बाजूला ठेवा. लिव्हर मारताना हात मोकळा राहतो, आणि .४५-७० सारखं जड काडतूस असेल तर तोच अंगठा धक्क्यासरशी नाकावर येत नाही.

तर्जनीचा नियम मी नवीन माणसाकडून दहादा करून घेते: लिव्हर हलत असताना तर्जनी ट्रिगरच्या कडीबाहेर, सरळ. या रायफलींत ट्रिगर जागेवरच असतो आणि त्याच्याभोवतीची कडी लिव्हरबरोबर खाली-वर होते. बोट आत राहिलं तर लिव्हर मिटताना ते ट्रिगरवर चेपलं जातं. चिमटा बसला तर स्वस्तात सुटलात. बोल्ट पुरता बंद व्हायच्या सुमारास गोळी सुटली तर स्फोटाचा वायू मागे येऊ शकतो, तुमच्या हाताकडे आणि चेहऱ्याकडे. ब्राउनिंग बीएलआर या लिव्हर-ॲक्शन रायफलीत ट्रिगर लिव्हरबरोबरच फिरतो, म्हणून तिथे हा चिमटा बसत नाही. पण बोट बाहेर ठेवायची शिस्त तिथेही मोडू नका.

काडतुसं भरताना अंगठ्याचं कातडं जातं. बाजूच्या भरायच्या दाराची स्प्रिंग कडक असते आणि कडा धारदार. काडतूस पार आत ढकलायला गेलात की अंगठा दारात अडकतो. त्याऐवजी पहिलं काडतूस जवळजवळ आत घाला, त्याचं बूड दाराशीच राहू द्या, दार त्याच्यामुळे उघडं राहतं. मग दुसऱ्याच्या टोकाने पहिल्याला आत ढकला. असंच पुढे. फक्त शेवटचं काडतूस तेवढं अंगठ्याने पूर्ण सरकवायचं. अंगठा वाचतो आणि भरायला वेळही कमी लागतो.

हॅमर, म्हणजे मागचा, अंगठ्याने ओढायचा घोडा, खाली उतरवताना नळी सुरक्षित दिशेला, अंगठा कोरडा, आणि हॅमरवर पूर्ण टेकलेला, नुसतं टोक नव्हे. वर दुर्बीण बसवली असेल तर अंगठ्याला जागा उरत नाही. हॅमरला बाजूला लावायचा छोटा जोड मिळतो, तो बसवून घ्या.

आतापर्यंत सांगितलं ते सालट्याचं आणि चिमट्याचं. डाव्या हाताची काळजी त्याहून गंभीर आहे, कारण नळीचं मॅगझिन नेमकं त्याच तळव्यावरून जातं. त्या नळीत काडतुसं एकामागे एक असतात, आणि मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं. तिथे टणक, अणकुचीदार टोकाची गोळी भरली तर धक्क्याने पुढचं काडतूस मॅगझिनमध्येच फुटू शकतं. म्हणून चपट्या किंवा बोथट टोकाच्याच गोळ्या, किंवा होर्नाडीसारख्या लवचीक टोकाच्या, ज्या मुद्दाम या मॅगझिनसाठी बनवल्या आहेत. सॅव्हेज ९९ या लिव्हर-ॲक्शन रायफलीत फिरतं मॅगझिन असायचं, बीएलआरमध्ये पेटीचं आहे, तिथे ही अडचण नाही. काडतुसाच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि कुणी मोकळी मूठभर काडतुसं दिली तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट फुसक्या बाराची. आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, तर थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते, तुमच्या डाव्या हाताच्या वरच. आमच्याकडे काडतुसात दारूचा हलका भार भरतात, म्हणून ही शक्यता खरीच असते. फेरी गेली तरी चालेल, हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवा. आणि ट्रिगर दाबूनही बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मगच लिव्हर उघडा. बार उशिरा होऊ शकतो.

घरी निघण्याआधी हात धुवा, थंड पाणी आणि साबणाने, नखांच्या कडांसकट. उघड्या शिशाच्या गोळ्या हाताळल्या की बोटं काळी होतात, आणि ते शिसं सँडविचबरोबर पोटात जातं. अंगठा जिभेला लावून मग काडतूस उचलायची सवय असेल तर आजच सोडा. शूटिंगचे कपडे वेगळे धुवा, आणि लहान मुलं घरात असतील तर बूट दाराबाहेर.