अमेरिकेत थेरपी करायला लागताय? आधी मिनिटं नीट मोजा

पुण्या-मुंबईत सायकॉलॉजी करून इकडे आलेली, इथे परत एमएसडब्ल्यू नाहीतर काउन्सेलिंगचं मास्टर्स केलेली आणि आता कुठल्यातरी ग्रुप प्रॅक्टिसमध्ये पहिली नोकरी धरलेली बरीच मराठी मुलं-मुली मला काय काय विचारत असतात. सुपरव्हिजनचे तास कसे भरायचे, ट्रॉमाचं कुठलं ट्रेनिंग घेऊ, आपला ॲक्सेंट इथल्या क्लायंटना कळतो का. ॲक्सेंट कळतो, त्याची काळजी करू नका. पण सेशन संपल्यावर त्याचा कोड (इन्शुरन्सच्या बिलावर जाणारा पाच आकडी नंबर) कुठला टाकायचा हे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना वाटतं ते बिलिंगवालीचं काम. तिकडे सवय असते पैसे रोख किंवा जीपेने घ्यायचे, मागितलीच तर पावती द्यायची, विषय संपला. इथे तो कोड म्हणजे तुम्ही इन्शुरन्स कंपनीला तुमच्या लायसन्सवर लिहून दिलेलं विधान असतं की मी या माणसाला, या दिवशी, इतकी मिनिटं, या आजारासाठी थेरपी दिली. ते विधान चुकलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, बिलिंगवालीला नाही.

एकट्या माणसाच्या थेरपीचे रोजच्या वापरातले कोड तीनच आहेत. ९०८३२ म्हणजे तीस मिनिटांचं, ९०८३४ पंचेचाळीसचं, ९०८३७ साठचं. ही नावापुरती मिनिटं झाली, खरी हद्द वेगळी आहे. १६ ते ३७ मिनिटं झाली तर ९०८३२, ३८ ते ५२ झाली तर ९०८३४, आणि ५३ किंवा त्याहून जास्त झाली तरच ९०८३७. १६ पेक्षा कमी असेल तर थेरपीचा कोड लावायचाच नाही. हे आकडे पाठ करा, कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा, काहीही करा पण विसरू नका.

आता इथेच सगळे आपटतात म्हणून जरा विस्ताराने लिहिते. अमेरिकेत थेरपीचा 'तास' ५० मिनिटांचा असतो, दहा मिनिटं नोट लिहायला आणि पाणी प्यायला. सगळे त्याला वन-आवर सेशन म्हणतात, कॅलेंडरमध्ये एका तासाचा चौकोन असतो, क्लायंटही म्हणतो माझा तास आहे, आणि नवीन माणूस सरळ साठचा कोड टाकून मोकळा होतो. पण ५० मिनिटं म्हणजे ९०८३४. नोट लिहिण्याचा वेळ धरायचा नाही, फोनवर अपॉइंटमेंट बदलून दिली तो वेळ नाही, क्लायंट येण्याआधी मागची फाइल वाचली तोही नाही. क्लायंटसमोर बसून (किंवा व्हिडिओवर) थेरपी चालली तेवढाच वेळ. २०१२ पर्यंत ९०८०६ नावाचा कोड होता, तो ४५ ते ५० मिनिटांचा होता, त्यामुळे तेव्हा हा घोळ नव्हता. १ जानेवारी २०१३ ला जुने कोड गेले, हे नवे आले. जुनी मंडळी अजून तोंडाने 'आवर' म्हणतात आणि नवीन मुलं ते ऐकून कोड लावतात.

माझ्या ओळखीतल्या एका नाशिकच्या मुलीचं यात फार मोठं नुकसान झालं. ती ज्या ग्रुप प्रॅक्टिसमध्ये होती तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट कोड ९०८३७ लावून ठेवलेला होता. ही बिचारी प्रामाणिकपणे नोटमध्ये सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची, १०:०० ते १०:५०, ११:०० ते ११:५०, आणि सही करायची. वरच्या कोपऱ्यात कोड काय आलाय ते कधी बघितलंच नाही, आणि बघायचं असतं हे तिला कोणी सांगितलंही नाही. इन्शुरन्स कंपनीने नोट्स मागवल्या तेव्हा प्रत्येक नोट स्वतःच सांगत होती की कोड चुकलाय. कंपनीने फरकाचे पैसे मागितले नाहीत, त्या सेशन्सचे पूर्ण पैसे परत मागितले, आणि ते पुढच्या पेमेंटमधून कापायला सुरुवात केली. मग प्रॅक्टिसने तिला ॲग्रीमेंट दाखवलं, त्यात एक ओळ होती की वसुली झाली तर थेरपिस्टचा वाटा थेरपिस्टकडून घेतला जाईल. सेशन्स खरी झालेली होती, क्लायंट बरे होत होते, तरीही. म्हणून सांगते, ॲग्रीमेंटवर सही करण्याआधी 'रिकूपमेंट' (कंपनीने दिलेले पैसे परत वसूल करणं) हा शब्द कुठे आहे ते शोधा, आणि रोज सही करण्याआधी कोड बघा. रोज. डिफॉल्ट काय आहे ते पहिल्याच दिवशी विचारा आणि चुकीचं असेल तर बदलून घ्या, बॉस वैतागला तरी चालेल.

कोणी म्हणेल मग सेशन ५३ मिनिटांचं करूया, पैसे जास्त. मेडिकेअरच्या (सरकारी इन्शुरन्स, मुख्यतः ज्येष्ठांचा) दरात ९०८३७ ला ९०८३४ च्या साधारण दीडपट पैसे मिळतात हे खरं आहे, खासगी कंपन्यांत हा फरक कमीजास्त असतो. गरज असेल तर जरूर करा, तो कोड वापरणं गुन्हा नाही. पॅनिकमध्ये असलेला माणूस, ट्रॉमाचं काम, एक्स्पोजर (भीतीला हळूहळू सामोरं नेणं), यांना वेळ लागतोच. पण मग जास्त वेळ का लागला ते नोटमध्ये एका वाक्यात लिहा. सगळे क्लायंट, सगळे आठवडे, बरोब्बर ५३ मिनिटं असं दिसलं की कंपनीकडून पत्र येतं, की तुम्ही हा कोड तुमच्यासारख्या इतर थेरपिस्टपेक्षा जास्त वापरताय. पत्र आलं म्हणून घाबरून सगळं ९०८३४ वर आणायचंही नाही. जे झालं तेच लिहायचं. आपल्या लोकांचं एक असतं, पंचेचाळीस मिनिटं मुलांची शाळा, सासूचं आजारपण, ऑफिसातला मॅनेजर असं सगळं बोलून होतं आणि उठता उठता दारात उभं राहून खरी गोष्ट बाहेर येते. तेव्हा त्यांना परत बसवलं, पुढची दहा मिनिटं खरंच काम झालं, तर तो वेळ धरा, संपायची वेळ खरी लिहा. आणि क्लायंट ट्रॅफिकमुळे वीस मिनिटं उशिरा आला, उरलेली तीसच मिनिटं मिळाली, तर कोड ९०८३२. बिचारा लांबून आलाय म्हणून ९०८३४ होत नाही.

यात क्लायंटचाही खिसा असतो हे लक्षात ठेवा. आयटीतल्या आपल्या बऱ्याच लोकांकडे हाय-डिडक्टिबल प्लॅन असतात, म्हणजे वर्षाची एक मोठी रक्कम (डिडक्टिबल) स्वतः भरून झाल्यावरच कंपनी पैसे द्यायला लागते. जानेवारीत बहुतेकांचं डिडक्टिबल परत शून्यापासून सुरू होतं आणि सेशनचे सगळे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. तुम्ही चुकून मोठा कोड टाकलात तर तो फरक नुकत्याच आलेल्या, एका पगारावर चाललेल्या घराने भरलेला असतो.

पहिल्या भेटीचा कोड वेगळा, ९०७९१, तो इनटेकचा. त्याच दिवशी त्याच क्लायंटला तुम्ही थेरपीचा कोड पण लावायचा नाही. ९०७९२ डॉक्टर वगैरे औषधं देणाऱ्यांचा, आपला नाही.

जोडप्यांबद्दल मात्र बोलायला हवं. आपल्याकडे नवरा फोन करतो, "मॅडम, मिसेसला जरा डिप्रेशन आहे, आम्ही दोघं येतो." दोघं येतात आणि तासभर दोघांचं भांडण सोडवण्यात जातो. हे सेशन त्या बाईच्या नावावर ९०८३४ म्हणून टाकायचं नाही. क्लायंट हजर असताना कुटुंबासोबतच्या थेरपीचा कोड ९०८४७ आहे, क्लायंट नसताना फक्त घरच्यांशी बोललात तर ९०८४६, दोन्हीला किमान २६ मिनिटं लागतात. आणि ९०८४७ लावायचा तरी त्यातल्या एकाचं खरं निदान हवं आणि थेरपी त्या निदानासाठी हवी. नुसतं पटत नाही यासाठी निदानाच्या रकान्यात झेड६३.० हा कोड आहे, तो टाकला की बहुतेक कंपन्या पैसे देत नाहीत. मग लोक गळ घालतात, "बसवून द्या ना कशात तरी, आपलेच आहात." बसवून देऊ नका. तुम्ही त्या बाईच्या नावावर डिप्रेशन लिहिलंत तर ते तिच्या रेकॉर्डवर राहतं, उद्या डिव्होर्स आणि मुलांच्या ताब्याची केस झाली तर वकील तेच रेकॉर्ड मागवेल. सरळ सांगा, हे इन्शुरन्समध्ये येत नाही, माझी फी इतकी आहे. २०२२ पासून रोखीने भरणाऱ्याला आधी गुड फेथ एस्टिमेट (अंदाजे किती खर्च येईल ते) लेखी द्यावं लागतं, ते द्या.

आता एक गोष्ट जी इथली ट्रेनिंग्ज धड शिकवत नाहीत आणि आपल्या बायकांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे. एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या बाईचा इन्शुरन्स सहसा नवऱ्याच्या ऑफिसचा असतो. तुम्ही क्लेम पाठवला की ईओबी नावाचा कागद (कंपनीने काय भरलं त्याचा हिशोब) निघतो, तो बहुतेक वेळा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला जातो, किंवा त्याच्या ॲपमध्ये दिसतो. त्यात तारीख, तुमचं नाव, सेवेचा प्रकार सगळं असतं. घरात त्रास असल्यामुळे गुपचूप थेरपीला आलेल्या बाईचं गुपित तुमच्या एका क्लेमने नवऱ्यासमोर उघडं पडतं. म्हणून पहिला क्लेम पाठवायच्या आधी, इनटेकच्या दिवशीच विचारा, पॉलिसी कोणाच्या नावावर, घरी माहीत आहे का, कागद कुठे जावा. हिपाखाली (आरोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा अमेरिकन कायदा) तिला कंपनीकडे कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशनची मागणी करता येते, की माझे कागद दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. उघड झालं तर मला धोका आहे असं तिने कळवलं तर कंपनीला वाजवी मागणी मान्य करावी लागते. फॉर्म तिच्यासोबत बसून भरा, मंजूर झाल्याचं कळेपर्यंत क्लेम थांबवा. मेडिकेअरला क्लेमसाठी १ वर्ष मिळतं पण काही खासगी कंपन्या ९० दिवसांतच दार बंद करतात, तेव्हा तारीख बघून थांबा. आणि ते जमत नसेल तर कमी फीवर रोख घ्या, पण तिला त्या घरात तोंडघशी पाडू नका.

कमी फीवरून कोपेचं (दर सेशनला क्लायंटने स्वतः भरायचा वाटा) आठवलं. मंडळाच्या गणपतीत भेटलेले लोक क्लायंट म्हणून येतात (खरं तर ओळखीतले घेऊच नका, दुसऱ्याकडे पाठवा) आणि आपल्याला पंचवीस डॉलर मागायची लाज वाटते. इन्शुरन्स वापरताय तर कोपे घ्यावाच लागतो. एखाद्याची खरी अडचण आहे, ती तुम्ही लिहून ठेवलीत, मग एखाद्या वेळी सोडणं वेगळं. सरसकट सगळ्यांना माफ करणं हे कंपनीशी केलेल्या कराराच्या विरुद्ध असतं आणि मेडिकेअरमध्ये तर ते थेट कायद्यात अडकतं. आपली मंडळी याला माणुसकी म्हणतात, ऑडिटर म्हणत नाही. तसंच, क्लायंट आलाच नाही तर त्या दिवसाचं सेशन इन्शुरन्सला लावायचं नाही, कधीच नाही.

लायसन्स अजून असोसिएट लेव्हलचं (सुपरवायझरच्या हाताखाली काम करण्याचं) असेल तर फॉर्ममध्ये थेरपी देणारा म्हणून कोणाचा एनपीआय (प्रत्येक थेरपिस्टचा ओळख क्रमांक) जातोय ते विचारा. सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मवर तो २४जे या रकान्यात असतो. सुपरवायझरच्या नावाने क्लेम पाठवणं काही कंपन्यांना चालतं, काहींना अजिबात नाही, आणि "सगळे असंच करतात" हे उत्तर घेऊन गप्प बसू नका. कंपनीचं लेखी धोरण दाखवा म्हणा. व्हिसावर असताना स्वतःची प्रॅक्टिस उघडायची असेल तर आधी इमिग्रेशन वकील, मग बाकी सगळं.

नोटमध्ये सुरू आणि संपल्याची वेळ, निदान, काय लक्षणं दिसली, तुम्ही काय केलंत, त्याचा काय परिणाम झाला, पुढे काय, इतकं पुरे. काही जणांना वाटतं की नोट्स गुप्त आहेत, कंपनी मागूच शकत नाही. तुमच्या स्वतःच्या, वेगळ्या ठेवलेल्या सायकोथेरपी नोट्सना हिपात खास संरक्षण आहे, पण सेशनच्या वेळा, निदान, ट्रीटमेंट प्लॅन, प्रगती हे त्यात धरलेलं नाही, ते कंपनी मागू शकते. त्यामुळे सासूने काय शिवी दिली ते प्रोग्रेस नोटमध्ये लिहू नका. तिची झोप किती तुटते ते लिहा.

मराठीत सेशन घेतलंत म्हणून ९०७८५ (सेशनमधल्या संवादात गुंतागुंत असेल तेव्हाचा जोड-कोड) जोडू नका, तो भाषांतराच्या कष्टाचा कोड नाही. क्रायसिसचा ९०८३९ तीस मिनिटांच्या खाली लागत नाही, ३० ते ७४ मिनिटांना एकदा लागतो, आणि त्या दिवशी साधा थेरपीचा कोड वेगळा लावायचा नाही.

व्हिडिओवर क्लायंट स्वतःच्या घरी असेल तर प्लेस ऑफ सर्व्हिस (सेवेच्या जागेचा कोड) १०, दुसरीकडे कुठे असेल तर ०२, आणि मॉडिफायर ९५ (व्हिडिओवर झालं हे सांगणारी कोडची जोड) हवा की नको ते कंपनीगणिक बदलतं, एकदा फोन करून विचारा आणि कोणाशी बोललात, रेफरन्स नंबर काय, ते लिहून ठेवा. उन्हाळ्यात मुलांना घेऊन दीड महिना पुण्याला गेलेली क्लायंट तिथून सेशन मागते, दर वर्षी मागते. क्लायंट ज्या जागी बसलाय तिथला कायदा लागतो, तुमचं लायसन्स समजा न्यू जर्सीचं आहे, आणि मेडिकेअर देशाबाहेर पैसे देत नाही, खासगी कंपन्याही सहसा देत नाहीत. न्यू जर्सीचा पत्ता टाकून क्लेम पाठवायचा नाही. मे महिन्यातच तिच्याशी बोलून ठेवा, तिकडे अडचण आली तर कोणाला फोन करायचा ते ठरवा, आणि परत आल्यावरची पहिली अपॉइंटमेंट जायच्या आधी देऊन टाका.