कस्टम ऑर्डरला नाही म्हणायचंय? आधी हे बघा

माझं नौपाड्यात टीशर्ट, कॉफी मग, उशा प्रिंट करायचं छोटं दुकान आहे, आणि गणपतीच्या आधी रोज कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं. तर पहिलं म्हणजे प्रत्येक ऑर्डर घ्यायलाच पाहिजे असं काही नाहीये. मशीनवर होत नाही, तारीख जमत नाही, ॲडव्हान्स द्यायला तयार नाही, दुसऱ्याच्या ब्रँडचा लोगो छापून मागतोय, बिनधास्त नाही म्हणा. १५ ऑगस्टला कोणीतरी हमखास तिरंग्याची उशी नाहीतर रुमाल मागतं, ते तर राष्ट्रध्वजाच्या अपमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यानेच चालत नाही, मग समोर साहेब असो की शेजारी.

लोच्या होतो तो माणूस बघून नाही म्हटलं की. स्वतःला विचारा, हेच डिझाईन हीच तारीख घेऊन दुसरा कोणी आला असता तर केलं असतं का? केलं असतं, तर तुम्ही काम नाही, माणूस नाकारताय. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून दुकानात अडवायचं नाही हे संविधानाच्या कलम १५ मध्येच आहे. अस्पृश्यतेवरून माल किंवा सेवा नाकारली तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा लागतो, त्यात एक ते सहा महिने कैद आणि वर दंड, आणि तो म्हणतो त्याच वेळी, त्याच जागी, इतरांना असतात त्याच अटींवर द्या. म्हणजे नाही न म्हणता नुसता दुप्पट रेट सांगून कटवणं पण त्यातच आलं. तृतीयपंथी गिऱ्हाईकाला अडवू नये म्हणून २०१९ चा वेगळा कायदा आहे.

मजकूर पटत नसेल तर? बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीने समलिंगी लग्नाला पाठिंब्याचं वाक्य केकवर लिहायला नकार दिला, २०१८ मध्ये ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट त्यांच्या बाजूने गेलं, कारण ते वाक्य कोणीही मागितलं असतं तरी त्यांनी लिहिलं नसतं. पण गिऱ्हाईक गे आहे म्हणून केकच दिला नसता तर ते चाललं नसतं. तिकडचा कायदा तिकडे, फरक मात्र समजून घेण्यासारखा आहे.

मागच्या वर्षी मी स्वतःच शेण खाल्लं. एका पोराला सांगितलं ऑर्डर बंद झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मंडळाचे चाळीस टीशर्ट घेतले, वर स्टेटसला फोटो पण टाकला. त्याचा मेसेज, "दादा, आडनाव बघून नाही म्हणालात का?" तसलं काही डोक्यात नव्हतं हो, पण दाखवणार काय?

तेव्हापासून शेवटची तारीख, कमीत कमी नग, काय छापणार नाही, सगळं सीझनच्या आधी काउंटरवर चिकटवतो. नाही म्हणायचं तर व्हॉट्सॲपवर खरं कारण लिहून, "२० तारखेपर्यंत मशीन फुल आहे, २१ नंतर चालेल का?" एवढंच. आणि तारीख गेल्यावर ओळखीचं मंडळ आलं तरी त्यांनाही हाच मेसेज, यावर्षी दोन मंडळं रुसलीयेत माझ्यावर.