ड्रॉप बारच्या जुन्या सायकलला सरळ हँडल बसवताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत वापरलेली रोड सायकल घेऊन तिच्यावरून रोज कामाला जायचे असेल, तर वाकलेल्या ड्रॉप बारच्या जागी सरळ फ्लॅट बार बसवण्याचा विचार रास्त आहे. तीन हात नाक्यावर रिक्षा आणि बसमधून वाट काढताना बोटे सतत ब्रेकवर राहतात आणि पाठ फारशी वाकवावी लागत नाही. मात्र या कामातला खरा खर्च हँडलचा नसून ब्रेकचे लिव्हर, गियर बदलायचे शिफ्टर आणि केबल यांचा आहे, हे सायकल खरेदी करण्याआधीच ध्यानात घ्यावे.

ड्रॉप बारची नळी साधारण 23.8 मिमी जाडीची, तर फ्लॅट बारची टोके 22.2 मिमीची असतात. त्यामुळे जुने लिव्हर नव्या हँडलवर चढवता येत नाहीत. मधला भाग 31.8 मिमीचा असेल तर जुना स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा, चालू शकतो. बऱ्याच जुन्या सायकलींवर मात्र हे माप 26.0 असते आणि त्यात 25.4 चा बार बसल्यासारखा वाटला, तरी तो कसू नये.

सर्वाधिक काळजी ब्रेकची घ्यावी. रोड सायकलचे कॅलिपर ब्रेक (रिमला चिमट्यासारखे दाबणारे) कमी केबल ओढणाऱ्या लिव्हरसाठी बनवलेले असतात, तर दुकानात सहज मिळणारे स्वस्त लिव्हर बहुधा व्ही-ब्रेकचे (दोन उभ्या लांब दांड्यांच्या ब्रेकचे), म्हणजे जास्त केबल ओढणारे असतात. असा लिव्हर कॅलिपरला जोडल्यास तो हाताला कडक लागतो, पण चाकावरची पकड कमी पडते, आणि पावसाळ्यात ओल्या रिमवर हे फारच धोक्याचे ठरते. म्हणून दुकानदाराकडे ‘कॅलिपरला चालणारा’ लिव्हर स्पष्टपणे मागावा. रोडच्या ब्रेक केबलच्या टोकाची गाठही वेगळ्या आकाराची असते, तेव्हा आतली तार नवीनच घ्यावी, आणि गियरच्या केबलचे आऊटर, म्हणजे बाहेरचे आवरण, ब्रेकला मुळीच वापरू नये, कारण ब्रेकच्या जोराने ते फाटू शकते.

शिमानोच्या 7, 8 आणि 9 गियरच्या मागच्या डिरेलरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) तेवढ्याच गियरचा माउंटन सायकलचा शिफ्टर चालतो. पुढच्या डिरेलरचे गणित मात्र वेगळे असल्याने तिथे रोडसाठीचाच फ्लॅट बार शिफ्टर लागतो. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावरून वाशी ते बेलापूर जाणाऱ्याने डावा शिफ्टर न घेता साखळी पुढच्या लहान चक्रावरच ठेवली, तरी काही बिघडत नाही. 10 किंवा 11 गियरची चांगली सायकल असेल, तर माझ्या मते ती तशीच विकून हायब्रिड, म्हणजे मुळातच फ्लॅट बार असलेली सायकल, घेणे शहाणपणाचे आहे.

ड्रॉप बारचे हूड, म्हणजे ब्रेक लिव्हरवरच्या हात ठेवायच्या रबरी मुठी, स्टेमच्या बरेच पुढे असतात, त्यामुळे फ्लॅट बार लावल्यावर सायकल आखूड वाटते. दोन ते चार सेंटिमीटर लांब स्टेम लावून हे सावरता येते. बार 58 ते 60 सेंटिमीटर रुंद पुरे. त्याहून रुंद बार गर्दीत गाड्यांच्या आरशांना लागतो.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कोणतीही केबल ताणत नाही ना, हे पाहूनच आऊटर कापावे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पुढचा ब्रेक उजव्या हाताला जोडावा. नवी तार पहिल्या आठवड्यात थोडी सैल पडते. ती लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने कसून घ्यावी.