पियाझा देल्ला सिन्योरिया: चौकाचा इतिहास जागेवरच कसा वाचावा

फ्लॉरेन्सच्या या चौकात पाऊल टाकले की बहुतेक जण थेट पुतळ्यांकडे जातात आणि क्रम तिथेच चुकतो. आज नजरेत भरणारे पुतळे पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे इथे आले. चौक त्याच्या दोन शतके आधीचा. म्हणून सुरुवात मोकळ्या जागेपासून करा.

वाया देइ काल्त्सायुओली ही गल्ली जिथे चौकात उघडते, तिथे उभे राहा. चौक काटकोनात वळलेला दिसेल आणि पलाझो वेक्यो ही पालिकेची इमारत मध्यावर नसून कोपऱ्यात. सम्राटाची बाजू घेणाऱ्या, पराभूत गिबेलिन पक्षातल्या उबेर्ती घराण्याची घरे तेराव्या शतकात पाडली गेली. त्या जमिनीवर पालिकेची इमारत नको, म्हणून तिचा पाया सरकवला आणि ती वाकडी बसली, असे इतिवृत्तकार विलानी सांगतो. इथली रिकामी जागा म्हणजे एका घराण्याला दिलेली शिक्षा आहे. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता इमारतीसमोर या, शक्यतो दुपारनंतर; दर्शनी भिंत पश्चिमेकडे असल्याने तेव्हा तिच्यावर ऊन असते. बांधकाम १२९९ मध्ये सुरू झाले. ९४ मीटरचा मनोरा उजवीकडे सरकलेला आहे, कारण तो फोराबोस्की घराण्याच्या जुन्या मनोऱ्यावर उभारला. आत राहणारे प्रायर, म्हणजे शहराचे निवडलेले कारभारी, दर दोन महिन्यांनी बदलत. दाराबाहेर त्यांचा उंच ओटा होता, तो १८१२ मध्ये काढला गेला. उजव्या हाताची कमानदार लोज्जा, म्हणजे उघडा मंडप (१३७६–१३८२), समारंभ पावसात भिजू नयेत म्हणून बांधली.

पुतळे पाहायचे ते आता. शहरावर वर्चस्व गाजवणाऱ्या मेदिची घराण्याला हाकलल्यावर प्रजासत्ताकाने १४९५ मध्ये दोनातेल्लोची ज्युडिथ दारापाशी मांडली. १५०४ मध्ये तिथे मायकेलअँजेलोचा डेव्हिड आला. मूळ डेव्हिड १८७३ मध्ये हलवला, समोर दिसते ती १९१० ची प्रतिकृती. लोज्जातला पर्सियस (१५५४) आणि घोड्यावरचा कोझिमो (१५९४) मात्र ड्यूकशाहीचे, म्हणजे परतलेल्या मेदिचींच्या राजवटीतले. दोन्ही राजवटींची सरमिसळ केली तर काहीच उलगडत नाही.

नेपच्यून कारंज्याजवळ फरशीत गोल शिळा शोधा: २३ मे १४९८ रोजी धर्मोपदेशक साव्होनारोलाला तिथे फाशी देऊन जाळले. त्याने ऐषारामाच्या वस्तूंची होळी केली ती ७ फेब्रुवारी १४९७ ची, पण तिथल्या हिशेबाने वर्ष १४९६ होते. फ्लॉरेन्सचे वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि ही पद्धत १७४९ पर्यंत टिकली. त्यामुळे जुन्या दप्तरात १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख आढळली तर वर्षात एक मिळवा.