भूमिगत चळवळीचा इतिहास अभ्यासायचाय? आधी भाकरी कोणी दिली ते शोधा

दादरला मी संध्याकाळी इतिहासाचा एक छोटा वर्ग घेते. नवी मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गनिमी काव्यावर, क्रांतिकारकांवर कोणतं पुस्तक वाचू? मी त्यांना पुस्तक नंतर सांगते. आधी एकच प्रसंग निवडायला लावते, एखादी रात्र किंवा फार तर एक आठवडा. सबंध चळवळ एकदम हातात घेतली की नुसती नावं आणि जयजयकार उरतो. मग वहीत चार प्रश्न लिहायचे: यांच्या पोटाला कोणी घातलं, निवारा कोणी दिला? निरोप कोणी नेला? पैसा कुठून आला? आणि फितुरी कुठे झाली? बंदुकीबद्दल एकही प्रश्न नाही, हे मुद्दाम. डोंगरातली फौज असो की शहरातला भूमिगत गट, त्याला जगवतात ती आजूबाजूची माणसं, आणि त्यांची नावं क्वचितच कुठे छापली जातात.

मुंबईकराने सुरुवात काँग्रेस रेडिओपासून करावी. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते गजाआड गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, ४२.३४ मीटरवर. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार या दडपलेल्या बातम्या लोकांनी तिथे ऐकल्या.

आता चार प्रश्न लावा. पैसा आणि यंत्रसामग्री? बाबूभाई खाकर यांच्यासारखे व्यापारी आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांची मदत होती. निरोप? देशभरातून बातम्या आणणारे निरोपे मुंबईत येत. निवारा? केंद्र एका जागी टिकत नसे, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत होत्या. चौपाटी, गिरगाव, लॅबर्नम रोड असं करत ते महालक्ष्मीच्या ‘पॅराडाइज’ बंगल्यापर्यंत गेलं. आणि फितुरी? १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस दार फोडून आत शिरले, ते पथकातला एक तंत्रज्ञ त्यांच्या हाती लागल्यानंतर. त्याही क्षणी प्रक्षेपण चालू होतं आणि बंद करा म्हटल्यावर उषाताईंनी ऐकलं नाही. पुढे त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे सगळं वाचून झालं की चालत जा. ऑगस्ट क्रांती मैदानापासून गावदेवीतल्या मणिभवनपर्यंत, म्हणजे गांधीजी मुंबईत उतरत त्या घरापर्यंत, पाच-सात मिनिटं लागतात, तिथून चौपाटी हाकेच्या अंतरावर. किती लहानशा टापूत हा लपंडाव चालला होता, ते पायांना कळतं. मी स्वतः गिरगावात वाढले. इथल्या वाड्यांमध्ये मागच्या बाजूचे जिने आणि एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ असतात. इथे शेजाऱ्यांच्या नकळत काही करणं कठीण, आणि शेजारी आपले असले तर पोलिसांना काही कळणं त्याहून कठीण.

दुसरा प्रसंग नाविकांच्या उठावाचा घ्या. त्याची सुरुवातच जेवणावरून झाली. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. एम. एस. खान आणि मदन सिंग संप समितीचे प्रमुख झाले आणि आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका ही मागणीही पुढे आली. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर, म्हणजे आजच्या ‘आंग्रे’ तळावर, गोळीबार झाला. तेव्हा सामान्य मुंबईकर खाण्याच्या वस्तू घेऊन गेटवेवर गेले. २२ ला गिरण्या बंद पडल्या आणि परळ-लालबागच्या रस्त्यांवर कामगार गोळ्यांना सामोरे गेले. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली. तरीही २३ ला नाविकांना शरण यावं लागलं. लोकांनी घास दिला, पण मोठ्या पक्षांच्या नेतृत्वाने पाठबळ दिलं नाही. भाकरी आणि पाठबळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून वहीत त्यांचे रकाने वेगळे करा.

साताऱ्याच्या प्रतिसरकारकडे, म्हणजे १९४२ नंतर तिथल्या भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारकडे, वळताना मात्र आधी जुना नकाशा मिळवा. याबाबत मी हट्टी आहे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग येत होता, आणि मध्येमध्ये संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. प्रतिसरकारच्या तुफान सेना या दलाचं कुंडल औंध संस्थानात होतं, तर ७ जून १९४३ ला पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली गेली ती शेणोलीजवळ. हद्द बदलली की कारभार आणि पोलीस बदलत. या हद्दी नकाशावर रंगवल्या की क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं इतकी वर्षं हाती का लागली नाहीत, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं निम्मं गावागावांतल्या चुलींपाशी आहे. परळच्या एका चाळीतल्या आजींनी मला पोवाड्यात ऐकलेलं काहीच सांगितलं नाही. तिकडच्या माहेरी रात्री जास्तीच्या भाकऱ्या थापल्या की चूल लगेच विझवायची, धूर दिसता कामा नये, आणि पीठ कमी झाल्याचं शेजारणीला कळू द्यायचं नाही, एवढंच त्या बराच वेळ सांगत राहिल्या.

कागद पाहायचे असतील तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. ओळखपत्र आणि विषय नेमका लिहिलेला अर्ज घेऊन जा. ‘क्रांतिकारक’ एवढंच लिहिलंत तर तिथले कर्मचारी तरी काय काढून देणार? जिल्हा आणि साल लिहा. पोलिसी अहवालातली वेळ, जागा, माणसांची संख्या बहुधा उपयोगी पडते, हेतूबद्दलचा मजकूर मात्र सावधपणे वाचा. आठवणींच्या पुस्तकांचं नेमकं उलट असतं. दोन्ही समोरासमोर ठेवून एकाच रात्रीचं वर्णन लिहून काढा.

हेच प्रश्न मागेही नेता येतात. वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्यांनी रामोशी सोबत्यांना घेऊन दरोडे घातले, पण माणसं पोसण्याइतका पैसा सतत उभा राहिला नाही आणि १८७९ च्या जुलैत ते पकडले गेले. त्याआधी दोन शतकं, फेब्रुवारी १६६१ मध्ये, उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला अडवलं, तेव्हा अरुंद वाट आणि मोगलांचं जड सामान हेच महाराजांच्या कामी आलं. उंबरखिंडीत जायला खोपोलीपर्यंत लोकल आहे, पुढे पालीच्या दिशेने रिक्षा किंवा एसटी. पावसाळा टाळा आणि पाठीवर भरलेली सॅक घेऊनच खिंड चढा.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलणार असाल तर ते आधी करा, पुराभिलेखागार थांबू शकतो. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी विचारा. ‘तुम्ही स्वातंत्र्यलढ्यात काय केलंत’ असं विचारलं की बायका बहुतेक ‘काही नाही’ म्हणतात. रात्री दार कोण उघडायचं, पाहुण्याला कुठे झोपवायचे, चपला कुठे लपवायचे, असं विचारा. नंतर ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्या आणि फाईलच्या नावात गाव, तालुका आणि तारीख लिहा.